दोन फिशटँक एकत्र जोडणे आणि नव्या टँकसाठी काचेची जाडी

निळीशेपटी

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एकमेकांत गुंतलेले, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

माझ्याकडे एकाच मापाचे दोन जुने टँक आहेत. ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काच ८ मिमी, वरून उघडे, पट्ट्या नाहीत. दोन्ही एकाच लांब स्टँडवर शेजारी शेजारी ठेवलेत. माशांना सलग १८० सेंमी पोहायला मिळावं अशी फार इच्छा आहे. डोक्यात असं आहे की समोरासमोरच्या दोन्ही बाजूच्या काचा काढून टाकायच्या आणि टँक सिलिकॉनने एकमेकांना चिकटवायचे. जमेल का?

दुसरा प्रश्न. यानंतर १२० बाय ६० बाय ६० चा एक नवा टँक करायचा आहे. काचवाले म्हणतात, ४ फुटाला ८ मिमी पुरते. इथे काही जण १२ मिमी सांगतात. इतका फरक कसा? जाडी ठरते कशावर?

काचेचीधार

निळीशेपटी, बाजूच्या काचा काढू नका. हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुमच्या टँकची पुढची काच चार कडांपैकी तीन कडांवर धरलेली आहे. खाली तळाची काच आणि दोन्ही टोकांना बाजूच्या काचा. वरची कड मोकळी. पाणी भरलं की पुढची काच बाहेर फुगायला बघते, आणि तिला आत ओढून धरणारी मुख्य गोष्ट म्हणजे बाजूची काच. ती काढली की त्या टोकाची उभी कडही मोकळी होते. मग दोन टँकच्या पुढच्या काचा कडेला कड लावून चिकटवल्या तर सांधा येतो १८० सेंमीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे जिथे काच सगळ्यात जास्त वाकणार तिथे. चिकटायला जागा किती? काचेच्या जाडीइतकी, ८ मिमी. सिलिकॉन रबरासारखं लवचीक असतं, वाकणाऱ्या सांध्याला ते ताठ ठेवू शकत नाही. सांधा उघडणार. आज नाही उघडला तर पुढे कधीतरी.

त्यात तुमचे टँक जुने आहेत. मुरलेल्या जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. काचेला धरतं, सिलिकॉनला नाही. जुना थर जिथे जिथे राहील तिथे वरून कितीही लावलं तरी पाण्याला वाट मिळते.

तुम्हाला हवं आहे ते पाणी एक होणं. काच एक व्हायची गरज नाही. दोन्ही टँक आपापल्या पाच काचांवर पूर्ण उभे राहू द्या आणि मधून पाण्याला रस्ता द्या. तो रस्ता कसा द्यायचा ते पाणपातळी यांना जास्त ठाऊक आहे, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. जाडीचं मी सांगतो.

पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. ६० सेंमी पाण्याखाली दर चौरस सेंमीवर ६० ग्रॅम, मग टँक ४ फुटी असो नाहीतर ४० फुटी. पृष्ठभागावर शून्य, तळाशी ६०, म्हणजे सरासरी ३०. तुमच्या नव्या टँकची पुढची काच १२० बाय ६०, म्हणजे ७,२०० चौरस सेंमी. गुणाकार केला की २१६ किलो. एवढा भार त्या एका काचेवर दिवसरात्र बाहेरच्या बाजूला असतो. उंची ४५ केली तर तोच आकडा साधारण १२१ किलोवर येतो. उंची पाऊण केली आणि भार जवळजवळ निम्मा झाला. त्यामुळे 'इतक्या फुटाला इतके मिमी' हा हिशेबच अर्धवट आहे. काचवाल्याने आधी उंची विचारायला हवी.

लांबीचा संबंध येतो, पण वेगळ्या तऱ्हेने. काच जितकी लांब तितका तिचा मधला भाग बाजूच्या आधारापासून दूर. म्हणून हिशेबात एक गुणक वापरतात. वरची कड मोकळी असलेल्या काचेसाठी, लांबी उंचीइतकीच असेल तर ०.१६, दीडपट असेल तर ०.२६, दुप्पट असेल तर ०.३२, अडीचपट ०.३५, तिप्पट ०.३७. पुढे तो हळूहळू सपाट होत जातो.

सूत्र सेंमीत असं बसतं: उंचीचा घन करा, गुणकाने गुणा, ५०५ ने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर मिमीमध्ये येतं.

तुमचा नवा टँक: ६० चा घन २,१६,०००. गुणिले ०.३२, भागिले ५०५, म्हणजे १३७ च्या आसपास. वर्गमूळ ११.७. बाजारात मिळणारी त्यापुढची काच १२ मिमी. सध्याचे टँक त्याच सूत्रात घातले तर ७.६ येतात, म्हणजे ८ मिमी बरोबर आहे. ज्याने केले त्याने नीट केले.

शेवाळ

काचेचीधार, हे ५०५ कुठून आलं? आणि माझ्या भावाचा १२० बाय ६० बाय ६० चा टँक ८ मिमीचा आहे, कित्येक वर्षं उभा आहे. मग सूत्र उगाच घाबरवतं असं नाही का?

काचेचीधार

चांगला प्रश्न, आणि हाच खरा मुद्दा आहे.

साधी फ्लोट काच (नेहमीची सपाट काच) वाकवताना किती ताणाला तुटते, यासाठी टँकच्या हिशेबात १९.२ न्यूटन प्रति चौरस मिमी हा आकडा धरतात. त्याला ३.८ ने भागतात. हा ३.८ म्हणजे सुरक्षेचा गुणक. उरतात ५.०५, आणि एककं बदलली की ५०५. म्हणजे सूत्रातून येते ती जाडी 'तुटणार नाही' एवढीच नसते, 'तुटण्यापासून ३.८ पट लांब' अशी असते.

आता ८ मिमी लावून बघा. त्याच १२० बाय ६० च्या काचेत ताण येतो १०.८. १९.२ ला त्याने भागलं की १.८. १० मिमी लावली तर २.८. १२ मिमी लावली तर ४. टँक तिन्हीमध्ये उभा राहील. भावाचा उभा आहे तो खोटा नाही, पण तो १.८ वर उभा आहे.

३.८ हे फार वाटतं, पण काचेचा स्वभाव बघा. लोखंड वाकतं, मग तुटतं. काच काही सांगत नाही. ती तुटते ती नेहमी ताणाच्या बाजूने आणि एखाद्या बारीक ओरखड्यापासून किंवा कडेच्या टवक्यापासून. तळ साफ करताना खडा घासला गेला, चुंबकाच्या घासणीत वाळूचा कण अडकला, की १९.२ हा आकडा त्या जागी खरा राहत नाही. शिवाय काच थोडा वेळ जो भार सहज पेलते तोच भार सतत राहिला तर तितका पेलत नाही. ओरखड्याच्या टोकाशी हवेतला आणि पाण्यातला ओलावा हळूहळू काम करत राहतो. टँक म्हणजे कायमचा भार आणि कायमचा ओलावा. वर्षं उलटली म्हणजे काच पक्की ठरली असं काचेच्या बाबतीत म्हणता येत नाही.

भावाला म्हणावं, पुढच्या काचेच्या वरच्या काठाला आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मध्यात किती फट पडते ते बघा. हिशेबाने ८ मिमीची काच वर मध्यात सव्वा मिमीच्या आसपास फुगते, १२ मिमीची अर्ध्या मिमीहून कमी. फुगवटा दिसत असेल तर पाण्याची पातळी १० सेंमी उतरवून वापरा. भार पातळीच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

शेवाळ

समजलं. पातळी आजच उतरवायला सांगतो.

पाणपातळी

आता पाण्याच्या रस्त्याकडे येऊ. दोन तऱ्हा आहेत. एक, दोन्ही टँकच्या बाजूच्या काचेला होल पाडून बल्कहेड (होलात नट आणि रबरी वायसरने बसणारा पाइपचा जोड) बसवायचे आणि मध्ये पाइप. दुसरी, वरून उलट्या 'यू'सारखा काचेचा पूल. पाइपमधून पाणी जातं, मासे जवळपास जात नाहीत. निळीशेपटी यांना मासे जायला हवेत, म्हणजे पूल.

पुलाचं तत्त्व सायफनचं. काचेची एक अरुंद पेटी, दोन्ही टोकांना खाली उतरणारे पाय, पायांची तोंडं दोन्ही टँकच्या पाण्यात बुडलेली. वरच्या काचेत बारीक नळीपुरतं होल. तिथून हवा ओढून घेतली की पाणी वर चढतं आणि पूल भरतो. दोन्हीकडची पातळी आपोआप सारखी होते.

यात लोक घाबरतात ते उलट्या कारणाने. पूल फुटून पाणी बाहेर येईल असं त्यांना वाटतं. पुलाच्या आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पाण्याच्या पातळीपासून २० सेंमी वर असलेल्या छताच्या काचेवर हवा दर चौरस सेंमीला २० ग्रॅमने आत दाबते. ६० बाय १५ चं छत असेल तर १८ किलो, खालच्या दिशेने. म्हणजे पुलाच्या काचा बाहेर फुगत नाहीत, आत दबतात. सांध्यात बारीक फट राहिली तर पाणी बाहेर पडत नाही, हवा आत शिरते आणि पूल उतरतो.

आणि खरा घात तिथेच आहे. पूल उतरला की त्यातलं पाणी टँकमध्ये परत येतं. समजा पातळीच्या वर पुलात १५ लिटर पाणी आहे. तुमच्या दोन्ही टँकचा पृष्ठभाग मिळून ८,१०० चौरस सेंमी. १५ लिटर त्यावर पसरलं की पातळी जवळजवळ २ सेंमी वर येणार. काठोकाठ भरून ठेवाल तर फरशीवर. पातळी काठापासून निदान ४ सेंमी खाली ठेवा. पायांची तोंडं मात्र पाण्यात चांगली ८-१० सेंमी बुडालेली हवीत, नाहीतर आठवडाभर बाष्पीभवन झालं की तोंड उघडं पडून पूल हवा खातो.

हवा तशीही जमतेच. वनस्पतींचे बुडबुडे, एअर स्टोनचे बुडबुडे पायात शिरतात, आणि कमी दाबात पाण्यात विरघळलेली हवाही सुटते. छताच्या नळीवर उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावा आणि दुसरं टोक पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवून ठेवायच्या छोट्या पंपाच्या) हवा ओढायच्या तोंडाला जोडून ठेवा, म्हणजे जमलेली हवा ती ओढत राहील. एअर स्टोन पुलाच्या पायापासून लांब.

अजून एक. पुलात पातळीच्या वर जेवढं पाणी आहे तेवढ्याचं वजन पूल ज्यावर टेकलाय त्यावर येतं. १५ लिटर म्हणजे १५ किलो, वर पुलाच्या काचेचं वजन. हे ८ मिमीच्या उघड्या काठावर टेकवू नका. स्टँडपासून वर आलेला स्वतंत्र आधार द्या.

निळीशेपटी

खूप आभार! पूलच करणार. मग एकच फिल्टर दोन्हीला चालेल ना? एका टँकमधून पाणी ओढायचं, दुसऱ्यात सोडायचं, आणि पुलातून ते परत येईल, असं.

पाणपातळी

चालेल, पण एक अट पाळा. पंपाचं ओढायचं तोंड तळाशी ठेवू नका. पातळीच्या खाली फक्त ३ सेंमी ठेवा.

विचार करा, रात्री पूल उतरला. पंप चालूच आहे. तो एका टँकमधून ओढतोय, दुसऱ्यात सोडतोय, परत येणारा रस्ता बंद. तोंड तळाशी असेल तर एक टँक रिकामा होईपर्यंत दुसरा वाहत राहील. तोंड ३ सेंमीवर असेल तर तेवढं पाणी गेल्यावर पंप हवा ओढायला लागतो आणि पाणी जायचं थांबतं. तुमचे दोन्ही टँक सारखे आहेत, म्हणजे दुसऱ्यात पातळी फार तर ३ सेंमी चढणार. पुलातून उतरलेलं सगळं पाणीही शेवटी त्याच टँकमध्ये जातं, त्याचे जवळजवळ ४ मिळवा. मघाशी मी ४ सेंमी म्हटलं ते पंप नसताना. पंप असेल तर काठापासून ८ सेंमी मोकळे ठेवा.

ज्यांना पाइपनेच जोडायचं आहे त्यांच्यासाठीही लिहितो. पाइपमधून पाणी वाहायला दोन टँकच्या पातळीत थोडा फरक पडावाच लागतो. २५ मिमी आतल्या व्यासाच्या एका पाइपला १ सेंमी फरकाने ताशी साधारण ४०० लिटर जातं. प्रवाह दुप्पट हवा असेल तर फरक चौपट, म्हणजे ४ सेंमी. म्हणून एका पाइपवर भागवू नका, दोन टाका. एकाच्या तोंडाशी पान अडकलं तरी दुसरा चालू राहतो. मध्ये व्हॉल्व्ह हवाच. एका टँकला गळती लागली तर दुसरा वाचतो. आणि होल जितकं वर तितकं बरं, कारण गळती झाली तरी दुसरा टँक फक्त होलाच्या पातळीपर्यंतच उतरेल.

कोरीकाच

होल पाडण्याबद्दल मी भर घालतो, हे काम रोजचं आहे.

आधी काच टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) नाही ना ते बघा. टफन्ड काचेला होल पाडता येत नाही, बिट लागताच संपूर्ण काचेचा चुरा होतो. कारखान्यात भट्टीत घालण्याआधी पाडलेली होलंच चालतात. ओळखायला सोपा उपाय: काचेमागे मोबाइलची पांढरी स्क्रीन लावा आणि पुढून पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवताना काचेत गडद-फिकट पट्टे किंवा ठिपके उमटले तर ती टफन्ड. साध्या फ्लोट काचेत असं काही दिसत नाही. विकत आणलेल्या काही टँकमध्ये बाजू साध्या आणि तळ टफन्ड असतो, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा.

होलाची कड काचेच्या कडेपासून निदान होलाच्या व्यासाइतकी लांब हवी. ४५ मिमीचं होल असेल तर मध्ये ४५ मिमी काच शिल्लक. बल्कहेड हातात आल्याशिवाय बिट घेऊ नका, प्रत्येकाचं माप वेगळं असतं. डायमंड बिट, ड्रिल सगळ्यात हळू, हॅमर बंद, आणि पाणी सतत. मी भोवती मातीचं छोटं आळं करून त्यात पाणी भरतो. मागच्या बाजूला मास्किंग टेप, म्हणजे शेवटच्या क्षणी टवका उडत नाही आणि चकती खाली पडत नाही. ड्रिलच्या वजनाइतकाच दाब पुरे. पांढरी पेस्ट यायला लागली की काम नीट चाललंय.

रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, बल्कहेडच्या टोपीखाली. नट हाताने घट्ट आणि वर थोडासा पिळा, बस. पाना लावून आवळलं की होलाच्या कडेपासून चीर जाते. दोन टँकच्या मध्ये ताठ पीव्हीसी पाइप लावू नका. स्टँड भार घेतल्यावर जरा बसतोच, आणि तो सगळा पीळ होलाच्या कडेवर येतो. मधला तुकडा लवचीक होजचा घ्या.

शेवाळ

होलाबद्दल +१. एक शंका. टफन्ड काच जास्त मजबूत असते ना? मग नवा टँक ८ मिमी टफन्डमध्ये केला तर?

काचेचीधार

ताकद जास्त आहे, खरं. पण ताठपणा तेवढाच राहतो. ८ मिमी टफन्ड काच ८ मिमी साध्या काचेइतकीच फुगणार, म्हणजे सांध्यातल्या सिलिकॉनवर ताण तोच. आणि फुटली तर चीर जाऊन गळत नाही, एका क्षणात सगळं पाणी बाहेर. साध्या काचेला चीर गेली तर बऱ्याचदा बादल्या आणायला वेळ मिळतो. माझं मत साधी १२ मिमी.

पैसे आणि वजन वाचवायचं असेल तर वरून पट्ट्या लावा, पुढच्या-मागच्या काचेच्या काठाला आतून लांबीभर एक एक आणि मध्ये एक आडवी. त्याने मोकळी कड धरली जाते आणि १० मिमी चालून जाते. पण आडवी पट्टी साफसफाईला अडते म्हणून पुढे कापून टाकणारे लोक आहेत. टाकायची नसेल तरच त्या भरवशावर पातळ काच घ्या.

कोरीकाच

आणि १२ मिमी म्हणून आणलेली काच व्हर्नियरने मोजा. ११.७ भरली तर ती चालणाऱ्या फरकात बसते, १२ मिमीला ०.३ इकडेतिकडे मान्य असतं. १० भरली तर परत पाठवा. चारही कडा घासून घ्यायला सांगा. न घासलेली कड हात कापते हे एक, आणि चिरा तिथूनच सुरू होतात.

निळीशेपटी

सिलिकॉन कुठलं घ्यावं? आणि बर्लिनच्या त्या प्रचंड टँकबद्दल वाचलं तेव्हापासून मनात धास्ती आहे.

काचेचीधार

बर्लिनचा ॲक्वाडोम १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटला, सुमारे १० लाख लिटर पाणी आणि जवळपास १,५०० मासे. पण तो ॲक्रिलिकचा उभा गोल टँक होता, १४ मीटरच्या आसपास उंच. तज्ज्ञाच्या अहवालात चिकटवलेला सांधा, तळाजवळची खाच, आणि रिकामा करून पुन्हा भरणं अशा शक्यता मांडल्या गेल्या, एकच कारण ठामपणे ठरवता आलं नाही. तुमच्या ६० सेंमीशी त्याची तुलना नको. आपल्याला लागू पडतं ते सांध्याचं.

सिलिकॉन शंभर टक्के सिलिकॉन हवं, बुरशीनाशक न घातलेलं. बाथरूमसाठी विकतात त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना विष आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं चालतं, वास मुरताना निघून जातो. नळीवर ॲक्वेरियम लिहिलेलं असेल तर उत्तम.

काचेच्या कडा ब्लेडने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. दोन काचांच्या मध्ये दीड-दोन मिमी सिलिकॉन राहायला हवं. काच दाबून दाबून सगळं बाहेर काढलं तर सांधा दिसायला सुबक होतो आणि कमजोर राहतो. छोटे प्लास्टिकचे स्पेसर ठेवा. एका कडेला एकदाच, सलग, मध्ये न थांबता. वर पापुद्रा १०-१५ मिनिटांत धरायला लागतो, त्यानंतर काच हलवली की तो सांधा बाद समजा. म्हणून नव्या टँकला दोन माणसं हवीतच. एकटी १२ मिमीची १२० बाय ६० काच २१-२२ किलो भरते. काचा टेप लावून उभ्या राहिल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले म्हणजे काटकोन झाला.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने मुरतं, दिवसाला फार तर २-३ मिमी आत. १२ मिमीच्या सांध्याला दोन्हीकडून मुरायला वेळ द्या, निदान आठवडा, थंडीत किंवा कोरड्या हवेत दोन आठवडे.

पहिली भरणी घराबाहेर किंवा न्हाणीघरात, सपाट पृष्ठभागावर, खाली फोम. तिसरा हिस्सा भरा, दिवसभर थांबा, कडांना कोरडा कागद फिरवा. मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पूर्ण भरल्यावर दोन दिवस तसाच. नंतर स्टँडचा विचार करा: ४३० लिटर पाणी, काच ८६ किलो, वर वाळू-दगड. ६०० किलोच्या पुढे सहज जातं.

निळीशेपटी

सगळं उतरवून घेतलं. बाजूच्या काचा राहणार, पूल स्वतंत्र आधारावर, पंपाचं तोंड ३ सेंमीवर, पातळी काठापासून ८ खाली. नव्या टँकला १२ मिमी साधी. एकच विचारायचं राहिलं. पुलाच्या काचेला किती जाडी घेऊ?

पाणपातळी

६० बाय १५ च्या छताला ६ मिमी भरपूर. छताच्या चारही कडा चिकटलेल्या आहेत आणि भार आत दाबणारा आहे. कडा मात्र घासलेल्याच घ्या, पुलातून जाताना मासे अंग घासतात.